नगरच्या उन्हात आणि लाइट गेल्यावर लॅपटॉपची बॅटरी जास्त काळ कशी टिकवावी?

मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी वारा सुटतो आणि लाइट जाते. स्पर्धा परीक्षेचा अर्ज अर्धा भरलेला असतो किंवा शाळेची ऑनलाइन माहिती पाठवायची शेवटची तारीख असते. लॅपटॉपवर ६० टक्के बॅटरी दिसत असते, आणि तरीही वीस मिनिटांत तो बंद पडतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात विद्यार्थी, शिक्षक, ग्रामपंचायतीचे संगणक चालक आणि घरून काम करणाऱ्यांना असा अनुभव नवा नाही. अशा वेळी दोष लाइटला दिला जातो. पण दोन-तीन वर्षांत बॅटरीची ताकद अर्ध्यावर आली असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा उष्णता आणि चार्जिंगच्या सवयी असतात.

थोडक्यात महत्त्वाचे

• लॅपटॉपच्या बॅटरीचा सर्वात मोठा शत्रू उष्णता आहे. गरम असताना पूर्ण चार्ज राहणे बॅटरीला सर्वात जास्त महागात पडते.
• रोजच्या वापरात चार्ज २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. लाइट जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी मात्र १०० टक्के चार्ज करून ठेवावा.
• लाइट गेल्यावर सर्वात आधी स्क्रीनचा उजेड कमी करावा आणि यूएसबीला जोडलेला मोबाइल काढावा.
• फुगलेली बॅटरी वापरू नये, चार्ज करू नये, टोचू नये.

'टिकणे' या शब्दाचे दोन अर्थ

बॅटरी टिकत नाही असे म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. पहिली म्हणजे एका चार्जवर लॅपटॉप किती तास चालतो. दुसरी म्हणजे बॅटरी किती वर्षे चांगली राहते. पहिली गोष्ट आजच्या वापरावर ठरते, तर दुसरी अनेक महिन्यांच्या सवयींवर. उपायही त्यामुळे वेगळे आहेत.

तासांचा हिशोब सोपा आहे. बॅटरीवर तिची क्षमता वॉट-अवरमध्ये लिहिलेली असते. समजा ती ५० वॉट-अवर आहे. लॅपटॉप टायपिंग, वाचन अशा हलक्या कामात सुमारे १० वॉट वीज घेत असेल, तर तो ५ तास चालेल. त्याच लॅपटॉपवर जड काम सुरू केले आणि तो २५ वॉट घेऊ लागला, तर तीच बॅटरी २ तासांत संपेल. आता बॅटरी जुनी होऊन क्षमता ३० वॉट-अवर उरली असेल, तर हलक्या कामातही ३ तासच मिळतील. म्हणून दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो: वीज कमी खर्च करायची आणि क्षमता कमी होऊ द्यायची नाही.

बॅटरी म्हातारी का होते?

आजच्या जवळजवळ सर्व लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. हा प्रकार १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या बॅटरीच्या सेलमध्ये दोन टोके असतात. एका टोकाला ग्रॅफाइट आणि दुसऱ्या टोकाला धातूंचे ऑक्साइड. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना ते परत येतात. या ये-जा करण्यात थोडे थोडे लिथियम ग्रॅफाइटवरच्या पातळ थरात अडकते आणि कायमचे कामातून जाते. हा थर वाढत जातो तशी बॅटरीची क्षमता घटते. ही प्रक्रिया थांबवता येत नाही, फक्त मंद करता येते. तिला वेग देणाऱ्या गोष्टी दोन: जास्त तापमान आणि सेलमधला जास्त दाब, म्हणजे व्होल्टेज. साधारण सेल पूर्ण चार्ज झाला की त्याचे व्होल्टेज ४.२ पर्यंत पोहोचते. तिथे तो जितका जास्त वेळ राहील तितकी झीज जास्त.

चार्जिंगचे 'चक्र' म्हणजे काय, हेही समजून घेणे उपयोगाचे आहे. एकूण १०० टक्के चार्ज वापरला की एक चक्र मोजले जाते. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरले, तर दोन दिवसांत मिळून एकच चक्र होते. बऱ्याच साध्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० चक्रांनंतर लक्षात येण्याइतक्या उतरतात. ॲपलच्या अलीकडच्या मॅकबुकसाठी कंपनी १००० चक्रांचा आकडा देते. रोज एक पूर्ण चक्र झाले, तर ५०० चक्रे दीड वर्षाच्या आतच संपतात. रोज अर्धेच वापरले, तर तीच चक्रे पावणेतीन वर्षे पुरतात.

नगरचा उन्हाळा बॅटरीला किती महाग पडतो?

अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४० अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात किंवा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी उकाडा त्याहून जास्त जाणवतो. लॅपटॉपच्या आत प्रोसेसरची उष्णता वेगळीच.

बॅटऱ्यांविषयी तांत्रिक माहिती देणाऱ्या 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळावर याबाबतचे प्रसिद्ध आकडे आहेत. लिथियम-आयन बॅटरी न वापरता एक वर्ष ठेवली, तर तिची मूळ क्षमता साधारण इतकी उरते:

• २५ अंश तापमान, ४० टक्के चार्ज: ९६ टक्के
• २५ अंश तापमान, १०० टक्के चार्ज: ८० टक्के
• ४० अंश तापमान, ४० टक्के चार्ज: ८५ टक्के
• ४० अंश तापमान, १०० टक्के चार्ज: ६५ टक्के

पहिल्या आणि शेवटच्या ओळीतला फरक पाहा. वरच्या ५० वॉट-अवरच्या उदाहरणात एकीकडे ४८ वॉट-अवर उरतात, दुसरीकडे साडेबत्तीस. दहा वॉटच्या हिशोबाने दीड तासाचा फरक, तोही बॅटरी एकदाही न वापरता. नगरमध्ये वर्षभर ४० अंश नसतात, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान इतके सरसकट होणार नाही. पण उन्हाळ्याचे तीन महिने लॅपटॉप रात्रंदिवस चार्जरला लावून गरम खोलीत ठेवणे म्हणजे बॅटरीला याच शेवटच्या ओळीकडे ढकलणे होय.

म्हणून उन्हाळ्यात एवढे सांभाळा:

• लॅपटॉप गादी, उशी किंवा गोधडीवर ठेवून वापरू नका. खालच्या जाळीतून हवा आत जाणे बंद होते. पाट, लाकडी फळी किंवा जाड वहीसुद्धा चालेल.
• उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवू नका.
• उन्हातून आणलेला गरम लॅपटॉप लगेच चार्जिंगला लावू नका. सावलीत थंड होऊ द्या.
• व्हिडिओ एडिटिंग, गेम अशी जड कामे शक्य असल्यास सकाळी किंवा रात्री करा.
• पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या. कोरडवाहू भागातल्या धुळीने पंखा लवकर तुंबतो.
• लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरते आणि सर्किट खराब होऊ शकते.

हिवाळ्यात नगरचा पारा कधी कधी एक आकडी होतो. तेव्हा पहाटे बॅटरी थोडी कमी चालल्यासारखी वाटते. हा परिणाम तात्पुरता असतो आणि लॅपटॉप उबदार झाला की जातो.

८० टक्क्यांची मर्यादा, पण लाइट गेली तर?

बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ठरावीक टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. लेनोवोमध्ये व्हँटेज ॲपमधला 'कन्झर्व्हेशन मोड', असुसमध्ये मायअसुस ॲपमधली बॅटरी केअरची सोय, डेलमध्ये पॉवर मॅनेजर, एचपीमध्ये बायोसमधला 'बॅटरी हेल्थ मॅनेजर', एसरमध्ये केअर सेंटर. नावे आणि जागा मॉडेलनुसार बदलतात, पण काम एकच: बॅटरी पूर्ण भरू न देणे. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून वापरणाऱ्यांनी ही सोय जरूर सुरू ठेवावी.

ग्रामीण भागात यावर एक रास्त शंका येते. ८० टक्क्यांवर थांबवले आणि नेमकी लाइट गेली, तर वीस टक्के कमीच मिळणार. शेतात वस्ती करून राहणाऱ्यांना हा प्रश्न जास्त सतावतो. शेतीपंपांच्या फीडरवर तीन फेज वीज दिवसभर नसते, ती कधी दिवसा तर कधी रात्री अशा पाळीने मिळते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्यातल्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत उभा राहिला. तरीही वादळ, तुटलेली तार आणि दुरुस्तीचे बंद हे राहतातच.

यावर मधला मार्ग असा:

१. नेहमीच्या दिवशी मर्यादा ८० टक्के ठेवा.
२. महावितरणकडे मोबाइल क्रमांक नोंदवलेला असेल, तर दुरुस्तीसाठीच्या नियोजित बंदचा एसएमएस येतो. त्या दिवशी, वादळाचा इशारा असेल तेव्हा किंवा ऑनलाइन परीक्षा-मुलाखतीच्या आदल्या रात्री मर्यादा काढून १०० टक्के चार्ज करा.
३. काम झाले की मर्यादा पुन्हा लावा.

अधूनमधून १०० टक्के चार्ज केल्याने बॅटरी बिघडत नाही. आठवडेच्या आठवडे १०० टक्क्यांवर आणि तेही गरम राहिल्याने ती बिघडते.

लाइट गेल्यावर काय करावे?

लाइट गेल्याच्या पहिल्या दोन मिनिटांत पुढील गोष्टी केल्या, तर बराच वेळ वाचतो. क्रम महत्त्वाचा आहे. जास्त वीज वाचवणाऱ्या गोष्टी आधी दिल्या आहेत.

१. काम सेव्ह करा. अर्ज भरत असाल तर त्या पानावरचे 'सेव्ह' बटण दाबा.
२. स्क्रीनचा उजेड निम्म्याहून कमी करा. हलक्या कामात सर्वात जास्त वीज खाणाऱ्या भागांपैकी स्क्रीन एक आहे.
३. यूएसबी केबलने जोडलेला मोबाइल काढा. अनेकजण इंटरनेटसाठी केबलने टेदरिंग करतात. तेव्हा मोबाइल लॅपटॉपमधूनच चार्ज होत राहतो. साध्या यूएसबी पोर्टमधून तो सुमारे अडीच वॉट घेतो, म्हणजे १० वॉट खर्च करणाऱ्या लॅपटॉपवर पाव पट जादा भार. त्याऐवजी वाय-फाय हॉटस्पॉट वापरा.
४. विंडोजमधला 'बॅटरी सेव्हर' किंवा मॅकमधला 'लो पॉवर मोड' लगेच सुरू करा. विंडोजमध्ये तो बहुधा बॅटरी २० टक्क्यांवर आल्यावर आपोआप सुरू होतो. तोपर्यंत थांबण्याची गरज नाही.
५. नको असलेले टॅब आणि ॲप बंद करा. आपोआप चालणारे व्हिडिओ, क्लाउडवर फोटो चढवणे, अपडेट डाउनलोड होणे हे सर्व थांबवा.
६. किबोर्डचा दिवा, बाहेरची हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, वायरलेस माउसचा रिसीव्हर यातले जे लागत नाही ते काढा.
७. स्क्रीनचा रिफ्रेश रेट १२० किंवा १४४ हर्ट्झ असेल, तर ६० करा.

डार्क मोडने वीज वाचते का? ओएलईडी स्क्रीनवर वाचते, कारण तिथे काळा भाग म्हणजे बंद असलेला दिवा. साध्या एलसीडी स्क्रीनमागचा दिवा सारखाच जळत राहतो, त्यामुळे तिथे फरक जवळजवळ पडत नाही.

काम थोड्या वेळासाठी थांबवायचे असेल तर 'स्लीप' ठीक आहे. दोन-तीन तास किंवा जास्त वेळ थांबायचे असेल, तर 'हायबरनेट' किंवा 'शट डाउन' करा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये स्लीपमध्ये असतानाही इंटरनेट आणि अपडेटची कामे चालू राहतात. असा लॅपटॉप बॅगेत ठेवून तारकपूरच्या स्टँडवरून पुण्याच्या एसटीत बसले, तर उतरेपर्यंत तो तापलेला आणि बॅटरी उतरलेली सापडू शकते.

पॉवर बँक आणि इन्व्हर्टर

लॅपटॉप टाइप-सी पोर्टमधून चार्ज होत असेल, तर ४५ किंवा ६५ वॉटची 'पॉवर डिलिव्हरी' असलेली पॉवर बँक कामी येते. मोबाइलची साधी पॉवर बँक चालत नाही. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॉट-अवर. काही वीज रूपांतरात जाते. तरी ६० वॉट-अवर हाती आले, तर १० वॉटच्या कामाला आणखी ६ तास मिळतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर चार्जर त्यावर चालतो. पण इन्व्हर्टरच्या बॅटरीची वीज आधी २३० व्होल्ट होते आणि चार्जर ती पुन्हा २० व्होल्टच्या आसपास आणतो. दोन्ही वेळा थोडी वाया जाते. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवेही असतील, तर लॅपटॉप आधी स्वतःच्या बॅटरीवर चालवावा आणि ती ३० टक्क्यांवर आली की चार्जर लावावा.

बहुतेक लॅपटॉप चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे कमी दाबाच्या विजेने सहसा बिघाड होत नाही. धोका असतो तो अचानक वाढलेल्या दाबाचा. वीज चमकत असताना आणि लाइट गेल्यावर ती परत येऊन स्थिर होईपर्यंत चार्जर सॉकेटमधून काढून ठेवणे सर्वात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

बॅटरीची तब्येत घरीच कशी तपासावी?

विंडोजमध्ये: स्टार्ट मेनूमधून 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी ही इंग्रजी अक्षरे सलग टाइप करा. नंतर एक जागा सोडून तिरपी रेघ, म्हणजे फॉरवर्ड स्लॅश द्या आणि तिला चिकटून 'बॅटरी' आणि 'रिपोर्ट' हे दोन शब्द इंग्रजीत जोडून लिहा. एंटर दाबल्यावर एक फाइल तयार होते आणि ती कुठे सेव्ह झाली ते तिथेच दिसते. फाइल ब्राउझरमध्ये उघडा. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची क्षमता, 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून १०० ने गुणले की बॅटरी किती टक्के उरली ते कळते.

मॅकबुकमध्ये: सेटिंग्जमधल्या 'बॅटरी' विभागात बॅटरी हेल्थ दिसते.

८० टक्क्यांच्या वर उत्तर आले तर बॅटरी चांगली आहे. ६० च्या खाली गेली असेल आणि लाइट वारंवार जात असेल, तर बदलण्याचा विचार करावा. टक्केवारी ४० वरून एकदम ५ वर उडी मारत असेल, तर एकदा बॅटरी पूर्ण चार्ज करून ती ५-१० टक्क्यांपर्यंत उतरू द्या आणि पुन्हा पूर्ण चार्ज करा. यामुळे क्षमता वाढत नाही, पण मोजमाप बऱ्याचदा सुधारते. तरीही उडी कायम राहिली, तर सेल खराब झाले असे समजावे.

फुगलेली बॅटरी: इथे वाट पाहू नका

टचपॅड दाबायला कडक लागणे, लॅपटॉप टेबलावर डुगडुगणे, झाकण नीट न मिटणे, खालचा भाग वर आलेला दिसणे ही बॅटरी फुगल्याची लक्षणे आहेत. आत वायू साचल्यामुळे असे होते. अशा वेळी:

• लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका.
• बॅटरी दाबू नका, वाकवू नका, हवा काढण्यासाठी टोचू नका. आग लागू शकते.
• कागद, कापड, गॅस यांपासून दूर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा.
• धूर किंवा जळका वास आला तर जवळ जाऊ नका. सर्वांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

जुनी बॅटरी घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे नवी घेताना जुनी त्याच सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाला द्यावी.

नवी बॅटरी घेताना काय पाहावे?

लॅपटॉपच्या खालच्या बाजूला किंवा जुन्या बॅटरीवर लिहिलेला पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-अवर जुळले पाहिजेत. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या ॲपवर तो क्रमांक खरा आहे का ते तपासता येते. दुकानदाराकडून पक्के बिल घ्या, त्यावर वॉरंटीचा काळ लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवा लॅपटॉप आधी आठ तास चार्ज करावा का?
नाही. हा सल्ला जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातला आहे.

बॅटरी दर वेळी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी का?
नाही. लिथियम-आयनला ते उलट हानिकारक आहे. २०-३० टक्क्यांवर आली की चार्जर लावावा.

चार्जर लावून ठेवला तर बॅटरी जास्त चार्ज होऊन फुटते का?
चांगल्या लॅपटॉपमध्ये पूर्ण झाल्यावर चार्जिंग आपोआप थांबते. प्रश्न झिजण्याचा आहे, म्हणून मर्यादा लावावी.

सुट्टीत दोन महिने लॅपटॉप वापरणार नसलो तर?
५० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून पूर्ण बंद करा आणि घरातल्या सर्वात थंड, कोरड्या जागी ठेवा. जास्त महिने ठेवायचा असेल, तर अधूनमधून पाहून पुन्हा ५० टक्क्यांवर आणा. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेली बॅटरी पुन्हा चार्ज न होण्याची शक्यता असते.

कोणताही टाइप-सी चार्जर चालतो का?
पुरेशा वॉटचा आणि पॉवर डिलिव्हरी असलेलाच चालतो. कमी वॉटच्या चार्जरवर काम चालू असताना बॅटरी उतरतच राहते.